चढावरची हवा

कळंबमध्ये रात्री उशिरापर्यंत जागं राहणाऱ्याला महामार्गावरचे ट्रक डोळे मिटूनही ओळखता येतात. नव्या ट्रकच्या आवाजात एक बारीक शीळ असते. गिअर बदलताना ती मध्येच तुटते, सुस्कारा ऐकू येतो, की पुन्हा शीळ. जुन्या ट्रककडे शीळ नाही. तो नुसता घुमतो. यवतमाळच्या दिशेने चढ लागला की घुमणं जड होत जातं, एका क्षणी खाली बसतं, ड्रायव्हर गिअर उतरवतो आणि तोच आवाज पुन्हा वर चढू लागतो. गाडी मात्र आधीपेक्षा हळू. वर्धेच्या खोऱ्यातून यवतमाळच्या पठाराकडे जाणारी ही वाट विसेक किलोमीटरची. मोटारीतून जाणाऱ्याला आपण काही चढून आलो हे कळतसुद्धा नाही. मागे १७० किलोची एक अशा चाळीस-पंचेचाळीस गाठी रचलेल्या असल्या म्हणजे कळतं.

ओळखीच्या एका मालकाकडे असा बिनशिळेचा ट्रक आहे. जुना टाटा १२१०. मी शाळेत विज्ञान शिकवायचो म्हणून तो मला सर म्हणतो. वयाने आम्ही बरोबरीचेच. गेल्या कापसाच्या हंगामात तो एक गोणपाटाचं गाठोडं घेऊन घरी आला, ओट्यावर ठेवलं आणि सोडलं. आत ॲल्युमिनियमचा एक पेटारा होता, पुढे पुली, आणि फटीतून डोकावलं तर एकमेकांत अडकलेले दोन पिळदार रोटर. नागपूरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणलेला. भंगारात निघालेल्या मर्सिडीज मोटारीचा ब्लोअर.

"सर, गाडी चढावर दम टाकून राह्यली. हा बसवाव म्हन्तो. बसन का नाही, तेवढं सांगा."

येण्याआधी तो हेच गाठोडं घेऊन चिंतामणीच्या देवळात जाऊन आला होता. इथला गणपती जमिनीच्या पातळीखाली. दर्शनाला पायऱ्या उतराव्या लागतात. बारा-पंधरा किलोचा तो ऐवज काखेत मारून हा उतरला आणि पुन्हा चढला. रोटरवर हळदीकुंकू दिसत होतं. देवाचं झालं होतं, आता विज्ञानाच्या मास्तरचं मत हवं होतं.

मला गंमत वाटली ती निराळीच. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. १९६९ मध्ये करार संपला, नाकावरचा तारा गेला, पण घडण तीच राहिली. या १२१० मधलं इंजिन ६९७: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ९७ मिलिमीटर. चार सिलिंडरचं केलं की ४९७. नावातच माप सांगून टाकायचं, ही कारखान्यातल्या लोकांची रीत मला फार आवडते. साहित्यिक तिथे 'गरुड' किंवा 'वज्र' म्हणून मोकळे झाले असते. स्ट्रोक १२८ मिलिमीटर, एकूण ५६७५ सीसी. मर्सिडीजच्या एका जुन्या इंजिनाचं मापही अगदी हेच. म्हणजे ट्रकचं मूळ घराणं तेच आणि ब्लोअरचंही तेच. दोघांची गाठ पडायला नागपूरचा भंगारबाजार लागला. मर्सिडीजने ब्लोअरच्या मोटारी १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मांडल्या होत्या, आणि इंजिनात हवा दाबून भरायची कल्पना गॉटलीब डाइमलरने त्याच्याही कितीतरी आधी, १८८५ मध्ये, पेटंटच्या कागदावर आणली होती.

ही कल्पना लोहाराला कुणी शिकवावी लागत नाही. माझ्या लहानपणी बैलगाडीच्या चाकावर धाव चढवायची तर शेणाच्या गोवऱ्यांचा मोठा आवा पेटायचा, पण फाळ शेवटायला भट्टी आणि भाता लागायचा. कोळसा तेवढाच, भात्याची दोरी ओढली की लाल, अजून ओढली की पिवळा, आणि लोहाराच्या पोराचा हात थांबला की पुन्हा काळवंडलेला. गोणपाटातून निघालेलं हे यंत्रही भट्टीच्याच वाटेने आलं आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाच्या गावी रूट्स आडनावाच्या दोन भावांची लोकरीची गिरणी होती. पाणचक्कीपेक्षा बरं काही करू म्हणून त्यांनी पेटीत दोन लाकडी रोटर बसवले. लाकूड फुगलं, रोटर अडकले. दुरुस्त करून कोरडेच फिरवून पाहिले तेव्हा त्या हवेच्या झोताने ओतशाळेच्या मुकादमाची टोपी उडाली, अशी गोष्ट सांगतात. पाण्यासाठी केलेलं यंत्र असं हवेचं झालं. १८६० मध्ये पेटंट, मग ओतशाळा, लोखंडाच्या भट्ट्या, आणि पुढे इंजिनं. टोपीची गोष्ट खरी असो-नसो, सुताच्या गिरण्या आणि जिनिंगच्या मुलखात ती खपायला हरकत नाही.

तर, बसेल का?

कागद घेतला. ५६७५ सीसीचं चार फटक्यांचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं. मिनिटाला २००० फेरे धरले तर १००० वेळा. पूर्ण भरत नाहीच, वाटेत व्हॉल्व्ह आहेत, वळणं आहेत. ८५ टक्के धरू. म्हणजे मिनिटाला ४८०० लिटर हवा. उन्हाळ्यात वस्तीवर येणारा पाण्याचा लहान टँकर साधारण तेवढ्याचा. असा एक टँकर हवा दर मिनिटाला हा ट्रक रिकामा करतो, आणि तरी मालकाची तक्रार की त्याला कमी पडते. मला ते पटलं. डिझेलच्या पूर्ण जळणाला वजनाने साडेचौदा पट हवा लागते, आणि सिलिंडरात दोघांची भेट इतक्या घाईत होते की धूर नको असेल तर अठरा-वीस पट हाताशी असावी लागते. चढावर ड्रायव्हर पाय दाबतो, पंप जास्त डिझेल देतो, हवा मात्र तेवढीच. उरलेलं डिझेल काळं होऊन मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर.

दाबून हवा भरायची ठरवली तरी कुठल्या यंत्राने, हा खरा निवडीचा प्रश्न. जिनिंगमध्ये कापूस ओढणारा मोठा पंखा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तशाच जातीचे ब्लोअर मोटारींनाही मिळतात: आत एक चक्र, ते हवेला बाहेरच्या कडेला भिरकावतं. अशा पंख्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेरे निम्मे झाले की दाब पावच उरतो. शर्यतीच्या मोटारीला ते चालतं, तिचं इंजिन सदा वरच्या फेऱ्यांत. कापसाचा ट्रक चढावर १२००-१४०० फेऱ्यांवर रखडत असतो. ज्या क्षणी दम हवा, त्याच क्षणी पंखा झोपलेला. रूट्सच्या जातीचा ब्लोअर तसं करत नाही. प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं माप इकडून तिकडे टाकतो, मग फेरा हळू असो की जलद. स्क्रूचा ब्लोअर त्याहून हुशार. हवा आतल्या आतच दाबत नेतो, कमी तापवतो, पण त्याची घडाई बारीक आणि किंमत तशीच. मालकाने गोणपाटातून आणलेला रूट्सच्या जातीचा होता, म्हणजे निदान जात बरोबर निवडली होती. दैवाने म्हणा, किंवा चिंतामणीने.

त्याचं माप एका फेऱ्याला लिटरभर. गळती वजा जाता ८६० घनसेंटीमीटर धरलं. दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो दाब हवा असेल तर २००० फेऱ्यांवर त्याला सात हजारांच्या आसपास फिरवावं लागेल. क्रँकची पुली आठ इंच ठेवली तर ब्लोअरची सव्वादोन इंच. हे आकडे बघून मालक इतका खूश झाला की मी पुढचं गणित जरा लांबवलं.

पुढचं गणित उष्णतेचं. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं बूड हातात धरलं की चटका बसतो तो यामुळे. मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंश काही नवलाचे नाहीत. ती हवा अशा ब्लोअरमधून अर्ध्या किलोने दाबली की बाहेर पडताना ११५ अंशांच्या घरात जाते, कारण रूट्सची कार्यक्षमता बेताची. दाब दीडपट झाला म्हणून हवा दीडपट झाली असं नाही. तापून फुगली, आणि हाती आली अवघी २२ टक्के जास्त. वर ब्लोअर फिरवायला पट्ट्यावरून दहा-बारा घोडे गेले. दाबलेली हवा पिस्टनला खाली ढकलते तेव्हा त्यातले थोडे परत येतात. सगळी उजळणी करून १०० घोड्यांच्या आसपासच्या या इंजिनाला पंधराएक घोडे जास्त मिळतील. कूलर बसवला तर अजून काही. पण कूलर बसवायचा तर रेडिएटरच्या पुढे जागा कुठे आहे? तिथे आधीच लिंबू-मिरची आणि तीन हंगामांची धूळ.

एवढ्यावर भागत असतं तरी चाललं असतं. पेट्रोलच्या गाडीत हवा अडवायला झडप असते. डिझेलच्या इंजिनात नाही. ते कायम पोटभर हवा घेतं आणि ताकद ठरते ती डिझेल किती टोचलं यावर. म्हणजे ब्लोअर बसवून पंपाला हात लावला नाही तर धूर कमी होईल, इंजिन जरा थंड चालेल, ताकद मात्र वाढणार नाही. ताकद हवी तर पंप वाढवायला हवा. पंप वाढवला की स्फोटाचा दाब वाढतो. ९७ मिलिमीटरच्या पिस्टनचं माथ्याचं क्षेत्रफळ ७४ चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला ८० किलो दाब धरला तर प्रत्येक स्फोटाला पिस्टनवर पावणेसहा-सहा टन येतात, मिनिटाला हजार वेळा, सहाही ठिकाणी. त्यात अजून भर घालायची. कारखान्यातून टर्बो घेऊन निघालेल्या इंजिनाचे पिस्टन, रिंगा, हेडची पकड हे सगळं त्या हिशेबाने केलेलं असतं. आपल्या १२१० चं हेड गॅस्केट आधीच एकदा गेलेलं होतं.

मी 'टर्बो' म्हणालो, कारण आज कारखाने ट्रकला हवा देतात ती त्याच वाटेने. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ साली पेटंट घेतलं: धुराड्यातून वाया जाणारा जोर एका चक्राला द्या, त्याच दांडीवरच्या दुसऱ्या चक्राने हवा आत दाबा. पट्टा नाही, क्रँकवर थेट ओझं नाही. आपल्याकडे टाटांनी १९९३ मध्ये कमिन्सशी हातमिळवणी केली, त्यानंतर जमशेदपूरची टर्बो इंजिनं रस्त्यावर येऊ लागली, आणि २००० नंतर धुराचे नियम एकेक पायरी वर चढत गेले तसे बिनटर्बोचे मोठे ट्रक कारखान्यातून निघणंच बंद झालं. रात्रीची ती शीळ म्हणजे हे चक्र. ते मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या जवळपास जाऊ शकतं, तेलाच्या पातळ थरावर तरंगत. म्हणून चढ संपवून ढाब्यावर थांबलं की इंजिन लगेच बंद करायचं नसतं, दोन मिनिटं हळू चालू ठेवायचं असतं. नाहीतर तापलेल्या बेरिंगमध्ये तेल जळून कोळसा होतं. चाळीस वर्षं 'थांबला की चावी' असं करत आलेल्या ड्रायव्हरच्या हाताला हे वळण लावणं माझ्या मते नवा ट्रक घेण्याइतकंच महाग आहे.

निकाल द्यायच्या आधी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी ब्लोअर उलटा-सुलटा करून पाहिला, रोटर बोटाने फिरवला, कान लावला, "बेरिंग अच्छी है," म्हणाले आणि तो बाकड्याखाली सरकवून दिला. मग बॉनेटकडे गेले. ब्लोअरबद्दल पुढे त्यांनी एक अक्षर काढलं नाही. एअर क्लीनरची कडी उघडली.

जुन्या ट्रकचा एअर क्लीनर तेलाचा. खाली एक वाटी, तिच्यात तेल. हवा वरून येते, तेलावर आपटून वळते, धूळ तेलात राहते, आणि हवा वरच्या जाळीतून इंजिनाकडे जाते. चाचांनी वाटी उतरवली तेव्हा तिच्यात तेल असं नव्हतंच. काळ्या मातीचा घट्ट गाळ होता, बोट घातलं तर बोटाचा ठसा राहील असा. वरची जाळी तर ओळखू येत नव्हती. तिच्यावर कापसाच्या तंतूंची साय धरलेली, राखाडी, तेलकट, बोटभर जाड. जिनिंगच्या आवारात इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभं राहायचं, सगळीकडे रुई तरंगत असायची, आणि ट्रक ती थोडी थोडी आत ओढत राहायचा. चाचांनी चिमटीने ती साय धरली आणि सोलली. सालपट निघावं तशी एका तुकड्यात निघाली. त्यांनी ती मालकाच्या हातात दिली.

"हे घ्या. तुमचा ब्लोअर."

मालक हसला नाही. बराच वेळ ते तेलकट कापड उलटून-पालटून पाहत राहिला. "याची गादी होते बाप्पा," एवढंच म्हणाला.

जाळी डिझेलमध्ये धुतली, वाटीत रेघेपर्यंत नवं तेल भरलं. नोझल आणि पंप यवतमाळला टेस्टिंग बेंचवर पाठवले; सहातले दोन नोझल फवारायच्या ऐवजी ठिबकत होते. हे सगळं होईपर्यंत डिसेंबर लागला.

आणि डिसेंबरचं एक आहे. पहाटे पाच वाजता कळंबबाहेर पारा १२ अंशांवर आलेला असतो, पऱ्हाटीवर दव, रस्त्यावर धुक्याचा पातळ पट्टा. थंड हवा आखडलेली असते. मेच्या दुपारच्या ४५ अंशांच्या हवेपेक्षा त्याच मापात ११ टक्क्यांहून थोडी जास्तच मावते. म्हणजे भंगारबाजारातल्या ब्लोअरने अर्धा किलो दाबून, दहा-बारा घोडे खाऊन जी वाढ दिली असती, तिच्या निम्मी हिवाळा कुठलाही पट्टा न लावता देऊन जातो. ड्रायव्हर लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यांना विचारलं तर 'पहाटे गाडी हलकी चालते' एवढंच सांगतील, आणि सांगताना हात आपोआप स्टिअरिंगसारखा गोल धरतील. कापसाचा हंगाम आणि थंडी एकाच वेळी येतात, ही ट्रकवाल्यांवर निसर्गाची केवढी मेहेरनजर! ऊस असता तरी चाललं असतं. संत्र्याचा मृग बहारही निभावला असता. मेमध्ये ओढायची ती तूर आणि सिमेंट, आणि तेव्हाच पाय जास्त दाबावा लागतो.

अशाच एका पहाटे मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेलो. गाठी पंचेचाळीस. चढ लागला तसा आवाज जड झाला, खाली बसायला आला, आणि बसला नाही. ड्रायव्हरचा हात गिअरच्या दांड्यावर गेला होता, तो तसाच राहिला. आरशातून मागे पाहिलं तर धूर होता, पण राखाडी. मोटारसायकलवाल्याला तोंड फिरवावं लागलं नाही.

रेल्वेचं बरं असतं. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. तिच्यासाठी चढ आधी कापून, भराव घालून सौम्य करून ठेवतात, मग इंजिन येतं. ट्रकने असेल तो चढ घ्यायचा. आणि चढाइतकाच उतारही घ्यायचा, हे ब्लोअरच्या नादात कुणाच्या लक्षात येत नाही. वाढलेले पंधरा घोडे जाताना वजन ओढतील, मग मालक पाच गाठी जास्त टाकेल, आणि एखाद्या फेरीला त्या पाच गाठींसकट उतरायची वेळ आली की ब्रेकचे ड्रम जुनेच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे: निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून वाहन वेगळं होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठासून सांगितलं. दरवर्षी फिटनेसला गाडी उभी करायची ती बॉनेट उघडूनच. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली, पटलं असंही म्हणाला.

मार्चमध्ये उन्हं चढायला लागली तसा तो पुन्हा आला. या वेळी हातात गाठोडं नव्हतं.

"सर, समजा अर्धा किलो नाही, पाव किलोच दाब घेतला. इंजिनवर लोड नाही, गॅस्केटले भेव नाही. ब्लोअरची पुली चार इंचाची लावली तं?"

मी जुना कागद काढला. आठ भागिले चार, दोन. २००० फेऱ्यांवर ब्लोअर ४०००. गुणिले ८६०. साडेतीन हजार लिटरसुद्धा होत नाहीत.

"भाऊ, इंजिनाला ४८०० लागतात. तुमचा ब्लोअर ३४०० देईल. म्हणजे आता आहे ती हवाही अडवून धरेल."

"तीन इंच?"

"४६००. कमीच."

तो कागदाकडे बघत राहिला. मग माझ्या हातातलं पेन घेतलं, तीनवर काट मारली आणि शेजारी आपल्या हाताने लिहिलं: सव्वादोन. कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"राहू द्या माझ्यापाशी. लावाचं नाही मले. पन चाचाच्या बाकड्याखाली पडला हाय तं माप तरी मालूम पायजे."

आणि जाता जाता, गेटाशी वळून: "कूलर नंबरप्लेटच्या मागं बसन का हो?"